वाहता कान, कानामागची सूज आणि ऑपरेशनचा निर्णय

मुलांच्या कानाच्या ऑपरेशनबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत. उत्तरं कान-नाक-घसा तज्ज्ञांची आहेत.

प्रश्न : मुलगी १४ महिन्यांची आहे. सहा महिन्यांत चौथ्यांदा कान ठणकला, ताप आला, अँटिबायोटिकचा कोर्स झाला. आता डॉक्टर म्हणतात, पडद्याला छेद देऊन नळी बसवू. पडदा फुटू नये म्हणून इतके दिवस धडपड केली आणि आता मुद्दाम भोक पाडायचं?

उत्तर : पू साचून पडदा फुटतो तेव्हा तो कुठे आणि किती फुटेल हे आपल्या हातात नसतं. छेद देताना जागा आपण निवडतो, एवढाच फरक; पण तो मोठा आहे. पडद्याच्या वरच्या-मागच्या भागाआड ऐकण्याची नाजूक हाडं असतात, म्हणून तिकडे जायचंच नाही. पुढच्या-खालच्या भागात जेमतेम २ मिलिमीटरचा छेद घेतात, आतला द्रव सक्शनने ओढतात आणि त्या फटीत ग्रॉमेट बसवतात. ग्रॉमेट म्हणजे दोन्ही बाजूंना कडा असलेली छोटी फिरकी. तिचं भोक साधारण सव्वा मिलिमीटरचं. मास्कवरची हलकी भूल पुरते आणि दोन्ही कान मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं.

नळी लागते ती पडद्यासाठी नाही, त्याच्या मागच्या हवेसाठी. मधल्या कानातून नाकाच्या मागे उघडणारी एक नळी प्रत्येकाला असते. बाळांमध्ये ती मोठ्यांच्या निम्म्या लांबीची आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की ती लगेच तुंबते, आत हवा जात नाही, द्रव साचतो आणि त्यात जंतू वाढतात. वय वाढतं तशी ती लांब आणि तिरपी होते, सातव्या वर्षाच्या आसपास बरीचशी मोठ्या माणसासारखी. तोपर्यंतची पर्यायी खिडकी म्हणजे ग्रॉमेट.

नळीचा विचार कधी करायचा याचा प्रचलित हिशेब आहे : ६ महिन्यांत ३ किंवा वर्षभरात ४ वेळा मधला कान सुजणं, त्यातली एक तरी वेळ गेल्या ६ महिन्यांतली. पण आकडा भरला म्हणून नळी, असं नाही. दोन दुखण्यांच्या मधल्या काळात, मूल ठीक असताना, पडद्याआड द्रव आहे का ते पाहावं लागतं. कान मधल्या काळात पूर्ण स्वच्छ होत असेल तर बहुतेक वेळा थांबता येतं. द्रव तसाच असेल तर नळीचा उपयोग होतो. ही तपासणी टिम्पॅनोमेट्रीने, म्हणजे हवेच्या दाबाने पडदा किती हलतो ते मोजून, मिनिटभरात होते, दुखत नाही. तिचा आलेख सपाट आला तर आत हवा नाही, असं साधारणपणे धरतात.

अॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) पहिल्याच खेपेला काढायचे का, असं तुम्ही पुढे विचारलं आहे. या वयात, नाक कायम चोंदलेलं नसेल तर, सहसा नाही. चौथ्या वर्षानंतर किंवा दुसऱ्यांदा नळी बसवायची वेळ आली तर तो विचार होतो.

प्रश्न : नळी बसवून दोन महिने झाले आणि कान वाहायला लागला, पिवळट पाणी येतंय. नळी खराब झाली का? आणि मुलाला पोहायला न्यायचं की नाही?

उत्तर : खराब झालेली नाही, ती काम करते आहे. आतला पू बाहेर येतोय म्हणूनच या वेळी कान ठणकला नाही. बहुतेक मुलांना इथे तोंडावाटे अँटिबायोटिक लागत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब थेट जागेवर पोचतात आणि जास्त गुणकारी ठरतात. साधारण ४-५ थेंब दिवसातून दोनदा, ७ दिवस. तुमच्या मुलाचं प्रमाण डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे. थेंब वाया जातात ते टाकण्याच्या पद्धतीमुळे. आधी कानाच्या तोंडाशी आलेला पू गॉजने टिपून घ्या, नाहीतर औषध पुवरच तरंगतं. बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा. गार थेंबांनी मुलाला गरगरतं आणि दुसऱ्या दिवसापासून ते जवळ येऊ देत नाही. मुलाला कुशीवर झोपवून थेंब टाका आणि कानाच्या भोकासमोरचं कुर्चेचं टोक चार-पाच वेळा हलकेच दाबा, म्हणजे औषध नळीतून आत ढकललं जातं. घरात पूर्वीची जेंटामायसिनची बाटली असेल तर ती वापरू नका. पडद्याला वाट असताना ते औषध आतल्या कानापर्यंत जाऊन ऐकण्याला इजा करू शकतं. आठवड्यात वाहणं थांबलं नाही किंवा रक्तमिश्रित झालं, तर नळीभोवती मांसाचा कोंब आला आहे का ते पाहून घ्यावं.

पोहायला हरकत नाही. साध्या पोहण्याला बोळे लागतातच असं नाही. खोल बुडी, तळ्याचं पाणी आणि डोकं साबणाच्या पाण्यात बुडवून अंघोळ मात्र टाळा. विमानातही अडचण नाही. उलट नळी असलेल्या मुलाच्या कानाला दडे बसत नाहीत.

नळी ६ ते १८ महिन्यांत आपोआप बाहेर पडते. पडद्याची त्वचा सतत बाहेरच्या दिशेने सरकत असते, तीच तिला ढकलत आणते. शंभरातल्या एका-दोघांचं छिद्र मागे राहतं. जास्त काळ टिकणाऱ्या टी आकाराच्या नळीत हे प्रमाण बरंच वाढतं, म्हणून ती पहिल्या फेरीला बसवत नाहीत.

प्रश्न : पुतण्या पावणेदोन वर्षांचा. तीन दिवस ताप, मग कानामागे लाल सूज आली आणि कान बाहेर निघाल्यासारखा दिसू लागला. रुग्णालयात ठेवलंय. शिरेतून औषध चालू आहे, पडद्याला छेद दिलाय आणि डॉक्टर म्हणतात, ४८ तास बघू. घरचे म्हणतात, हाडात पू आहे तर वाट कसली बघायची? सरळ कापून काढा.

उत्तर : या दुखण्याला मास्टॉइडायटिस म्हणतात. कानामागे हाताला लागतं ते हाड भरीव नसतं, आत मधमाशांच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात. मधल्या कानाशी ते एका अरुंद बोळाने जोडलेले असतात. मधल्या कानातला पू त्या बोळातून मागे गेला आणि बोळ सुजून बंद झाला की पू कोंडतो. मग कप्प्यांमधल्या पातळ भिंती विरघळू लागतात. पू हाड पोखरून बाहेर आला की कानामागे गळू येतं आणि कान पुढे-खाली ढकलला जातो. तुम्हाला दिसलं ते हेच.

तुमचे डॉक्टर नुसती वाट बघत नाहीत. पडद्याला छेद देऊन आणि जमलं तर नळी बसवून पुढचा दरवाजा उघडला आहे. पू तपासणीला गेला आहे, म्हणजे कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध हे दोनेक दिवसांत कळेल. शिरेतलं अँटिबायोटिक त्या पोळ्यात पुरेशा प्रमाणात पोचतं. गळू झालेलं नसेल तर बरीच मुलं एवढ्यावरच सुधारतात आणि हाड कोरावं लागत नाही. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात मात्र हाड उघडण्यावाचून इलाज नसायचा. जर्मन कानाचे डॉक्टर श्वार्ट्झे यांनी १८७३ मध्ये ही शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली आणि त्यानंतरची साठ-सत्तर वर्षं ती मुलांवर सर्रास होत होती.

या ४८ तासांत घरच्यांनी काय पाहायचं? ताप उतरतो का, मूल खेळू-खाऊ लागतं का, कान आपल्या जागी परततो आहे का. सूज पेनाने आखून ठेवायला परिचारिकांना सांगा. नजरेच्या अंदाजावर घरातच दोन पक्ष पडतात. छेदातून पू येत राहणं चांगलं. तो एकाएकी थांबला आणि ताप वर गेला तर ते वाईट.

वाट बघणं तिथल्या तिथे थांबतं अशाही काही गोष्टी आहेत. सूज बोटाखाली लिबलिबीत लागणं, म्हणजे गळू. चेहऱ्याची एक बाजू न हलणं. डोळा तिरळा होणं किंवा एकाचे दोन दिसणं. उलट्या, झटका, मान ताठ होणं, गुंगी. थंडी वाजून दिवसातून अनेकदा चढ-उतार होणारा ताप. याच्यामागे कानाशेजारच्या मोठ्या शिरेत गुठळी असू शकते. यातलं काहीही दिसलं, किंवा २४ ते ४८ तासांत सुधारणा नाही, की शिरेतून डाय देऊन सीटी स्कॅन आणि पाठोपाठ ऑपरेशन. गळू लहान असेल तर काही ठिकाणी आधी सुईने पू ओढून बघतात. मेंदूच्या बाजूचा संशय असेल तर मात्र हाड उघडणंच योग्य.

एक बाब याहून फसवी आहे. कान दुखू लागला की दोन दिवस औषध, बरं वाटलं की बंद, पुन्हा दुखलं की पुन्हा तेच. असं अर्धवट दाबलेलं दुखणं कानामागच्या हाडात मंदपणे चालू राहतं. पडदा बराचसा ठीक दिसतो, सूज नसते, फक्त बारीक ताप आणि चिडचिड. अशा मुलाच्या कानामागच्या हाडावर दाबून पाहिलं की ते कळवळतं. पत्रात 'दोनच दिवस औषध दिलं होतं' असं तुम्ही लिहिलं आहे. हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांचा निर्णय त्याने बदलू शकतो.

प्रश्न : कानामागचं हाड काढून टाकल्यावर मूल बहिरं होतं का? आणि ती पोकळी उघडीच राहते का?

उत्तर : वरच्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे साध्या मास्टॉइडेक्टमीत, दोन्हीचं उत्तर नाही. पडदा, तीन छोटी हाडं आणि बाहेरच्या कानाच्या नळीची भिंत जिथल्या तिथे राहते. काढतात ते फक्त सडलेले कप्पे.

छेद कानामागच्या घडीच्या थोडा मागे घेतात. दोन वर्षांखालच्या मुलात तो आणखी मागे आणि वर ठेवावा लागतो. कानामागच्या हाडाचं खालचं टोक तेव्हा वाढलेलं नसतं आणि चेहऱ्याची नस त्वचेखाली अगदी वरच असते. मोठ्यांसारखा खालपर्यंत छेद नेला तर तीच कापली जाईल. खोलीतही फरक आहे. मुख्य पोकळी जन्मतः पृष्ठभागापासून २ मिलिमीटरवर असते, मोठ्या माणसात १२ ते १५. मोठ्यांवर बसलेला हात तान्ह्या मुलात आवरता घ्यावा लागतो.

मग मायक्रोस्कोपखाली ड्रिल. आधी दात असलेलं टोक, हाड पातळ झाल्यावर हिऱ्याच्या भुकटीचं, आणि पाण्याची धार सतत. ती धार धूळ वाहून नेण्यापुरती नाही. कोरडं ड्रिल तापतं आणि हाडाआडची नस भाजते. वर मेंदूच्या आवरणाचं पातळ हाड, मागे मोठी शीर, आत तोल सांभाळणारी अर्धवर्तुळाकार नळी : या तीन हद्दी दिसेपर्यंत कोरायचं आणि तिथे थांबायचं. शेवटी मधल्या कानाकडचा तो बोळ मोकळा करायचा. सगळा आजार तिथूनच मागे आलेला असतो. तो तुंबलेला राहिला तर बाकी कितीही स्वच्छ कोरलं तरी पुन्हा तेच. त्याच तोंडाशी ऐकण्याचं मधलं हाड असतं. फिरतं ड्रिल त्याला नुसतं टेकलं तरी कंपनं आतल्या कानात जाऊन ऐकू येणं कायमचं घटू शकतं. 'बहिरं होतं' या भीतीत तथ्य असेल तर ते एवढंच, आणि टाळता येण्याजोगं.

पुवाची निचरा-नळी एक-दोन दिवस ठेवतात. त्वचा शिवलेली असते. कानामागे थोडा खोलगट भाग राहतो, केसांत झाकतो.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. कान अगदी थोडा वाहतो, पण घाण वास येतो. दुखत काहीच नाही. थेंब टाकले की महिनाभर कोरडा. ऐकण्याची तपासणीही जवळपास चांगली आली. तरी डॉक्टर मोठं ऑपरेशन लगेच करा म्हणतात. दुसरं मत घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण महिने घालवू नका. या सगळ्या पत्रांत सगळ्यात निरुपद्रवी वाटणारं हे पत्र आम्हाला सगळ्यात गंभीर वाटलं.

धो धो वाहणारा, बिनवासाचा, चिकट पाण्याचा कान बहुधा पडद्याच्या मधल्या छिद्राचा असतो; त्याला धोका कमी. थोडा, वास मारणारा आणि न दुखणारा कान म्हणजे कोलेस्टिॲटोमा आहे असं आधी धरायचं आणि मग तो नाही हे सिद्ध करायचं. हे नाव १८३८ मध्ये पडलं आणि चुकीचंच पडलं : यात कोलेस्टेरॉलचा संबंध नाही आणि ही कॅन्सरची गाठही नाही. ही चुकीच्या जागी वाढणारी त्वचा आहे. मधल्या कानात हवा कमी पडली की पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जातो आणि त्याची पिशवी होते. त्वचेचा स्वभाव रोज मृत पापुद्रे टाकण्याचा. बाहेरच्या कानातून ते मळाबरोबर निघून जातात, या पिशवीतून जायला वाट नसते. पापुद्रे साठतात, सडतात, म्हणून वास. पिशवी फुगते आणि शेजारचं हाड खाते.

सुरुवात बहुधा मधल्या हाडाच्या लांब दांड्यापासून होते. मग तोलाच्या नळीवरचं हाड, चेहऱ्याच्या नसेवरचं हाड, वरचं मेंदूकडचं छत. दुखत नाही, कारण पू कोंडत नाही, झिरपत राहतो. थेंबांनी जंतू मरतात म्हणून कान कोरडा होतो, पिशवी जशीच्या तशी राहते. ऐकण्याच्या चांगल्या तपासणीवरही विसंबू नका. हाड खाल्लं गेल्यावर ती पिशवीच पुलासारखी आवाज पुढे नेते. अशा मुलाला ऑपरेशननंतर ऐकू कमी येतं आणि पालक म्हणतात, चांगला कान बिघडवला. हे आधी तोंडावर सांगून घेतलेलं बरं, दोन्ही बाजूंनी.

मुलांमध्ये ही वाढ मोठ्यांपेक्षा जोरात होते. हवेचे कप्पे ऐसपैस असतात, पिशवी त्यांत बोटं घालत जाते. औषधाने ती जात नाही.

ऑपरेशनच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत बाहेरच्या कानाच्या नळीची मागची भिंत राखून, पुढून आणि मागून, पिशवी सोलून काढतात. कान दिसायला-वागायला नेहमीसारखा राहतो, पुढे पोहता येतं, पण कोपऱ्यात एखादा कण राहण्याची शक्यता जास्त. दुसरीत ती भिंतच काढून सगळी पोकळी बाहेरून दिसेल अशी उघडी करतात आणि कानाचं तोंड मोठं करतात. आजार लपत नाही. मात्र ती पोकळी दर ६ ते १२ महिन्यांनी, आयुष्यभर, डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते, आत गार पाणी गेलं तर गरगरतं आणि श्रवणयंत्राचा साचा बसवणं अवघड होतं. मुलांत शक्य तिथे पहिली तऱ्हा निवडण्याकडे कल असतो. पण पुन्हा पुन्हा उलटलेला आजार, किंवा जिथे मूल नियमित तपासणीला येऊ शकणार नाही असं घर, तिथे दुसरी जास्त सुरक्षित. हा प्रश्न डॉक्टर विचारत नसतील तर तुम्ही सांगा. वाकडं पाहू शकणारी ३० किंवा ४५ अंशांची एंडोस्कोप ज्यांच्याकडे असते त्यांना मायक्रोस्कोपच्या आडचे कोपरे दिसतात. दुसरं मत घेताना ती वापरता का, हे विचारायला संकोच नको. आधी सीटी स्कॅन लागतो. त्याचा उपयोग निदानापेक्षा कुठलं हाड उरलंय आणि नस उघडी पडली आहे का हे कळण्यासाठी जास्त.

प्रश्न : आमच्या मुलीचं हेच ऑपरेशन दहा महिन्यांपूर्वी झालं, कान छान कोरडा आहे. तरी 'पुन्हा उघडून बघू' म्हणतात. पहिल्या वेळी नीट केलं नाही का?

उत्तर : तसं नाही. एखाद्या पापुद्र्याएवढा कण उरला तर तो पहिले काही महिने दिसतच नाही, नंतर मोत्यासारखा पांढरा दाणा होतो. साधारण ९ ते १२ महिन्यांनी तो सोलून काढण्याजोगा मोठा आणि नुकसान करण्याइतका मोठा नाही, अशा आकाराचा असतो. म्हणून ही मुदत. ऐकण्याची हाडं खराब झाली असतील तर टायटॅनियमचा किंवा स्वतःच्या हाडाचा-कुर्चेचा जोड बसवायचं कामही बरेचदा याच वेळी करतात.

चिरफाड टाळायची असेल तर डिफ्युजन प्रकारचा एमआरआय आहे. तो साधारण ३ मिलिमीटरपेक्षा मोठा दाणा दाखवतो. साधा एमआरआय यासाठी चालत नाही. कानासाठीचा, नॉन-ईपीआय पद्धतीचा हवा, तसं चिठ्ठीवर लिहिलेलं असावं. तो स्वच्छ आला तरी वर्षभराने पुन्हा करावा लागतो, कारण ३ मिलिमीटरखालचं त्यात निसटतं. किमान ५ वर्षं कान नजरेखाली ठेवायचा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाच्या पडद्याला छिद्र आहे, कान कोरडा आहे. एक डॉक्टर म्हणतात आत्ता शिवा, दुसरे म्हणतात आठव्या वर्षी. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : दोघांचंही चूक नाही. नाकामागची नळी परिपक्व व्हायला वेळ द्यावा, वारंवारच्या सर्दीचं वय उलटू द्यावं, म्हणून सातव्या-आठव्या वर्षापर्यंत थांबणारे बरेच असतात. निर्णय फिरवणारी खूण म्हणजे दुसरा कान. तो हवेशीर असेल तर नळी काम करते आहे, आत्ता करायला हरकत नाही. त्यातही द्रव असेल तर नवा पडदाही आत ओढला जाईल, थांबा. दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊन शाळेत मागे पडत असेल तर वयाची अट सैल होते.

पडदा 'शिवत' नाहीत. कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण किंवा कानाच्या पुढच्या टोकाची तासलेली कुर्चा छिद्राच्या आतून ठिगळासारखी लावतात. मुलांत कुर्चा जास्त टिकते. चांगल्या हातात दहापैकी आठ-नऊ पडदे धरतात. सुटतात ते बहुतेक पुढच्या कडेला, जिथे ठिगळाला आधार कमी मिळतो. छिद्र ताजं असेल, नुकत्याच झालेल्या दुखण्यातलं, तर ३ महिने काहीच करू नका. बहुतेक आपोआप भरतात.

प्रश्न : ऑपरेशनमध्ये चेहरा वाकडा होतो असं ऐकलंय.

उत्तर : चेहऱ्याची नस कानातूनच जाते, त्यामुळे धोका खरा आहे, पण फार विरळा. गालाच्या स्नायूंत बारीक सुया खोचून नसेवर नजर ठेवणारं यंत्र आता बऱ्याच ठिकाणी लावतात. शुद्धीवर आल्यावर डोळा मिटत नाही असं दिसलं तर घाबरण्याआधी वेळ पाहा. टोचलेल्या स्थानिक भुलीचा परिणाम काही तासांत उतरतो. तो उतरल्यावरही चेहरा पूर्ण लुळा असेल तर कान परत उघडून पाहावा लागतो. पाच-सहा दिवसांनी सुरू झालेला कमकुवतपणा सहसा सुजेचा असतो आणि स्टिरॉइडने भरून येतो. जिभेच्या एका बाजूची चव काही आठवडे धातूसारखी लागणं मात्र बऱ्यापैकी नेहमीचं आहे. मुलं 'जेवण कडू लागतं' म्हणून ताट सरकवतात, त्याचं कारण हे.

प्रश्न : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आणि नंतर घरी काय सांभाळायचं? सर्दी झाली तर?

उत्तर : ताप, हिरवट शेंबूड किंवा घरघर असेल तर ठरवून केलेलं ऑपरेशन दोनेक आठवडे पुढे ढकलतात, कारण सर्दीत श्वासनळी भुलीला चिडते. कानामागे गळू असेल तर ही सवड नाही. पोट रिकामं ठेवायचं : घट्ट अन्न आणि वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. पाणीही रात्रीपासून बंद करू नका, मूल कोरडं पडून चिडतं. आणि रडतंय म्हणून बिस्कीट दिलं असेल तर लपवू नका.

नंतर डोक्याची पट्टी एक-दोन दिवस. कानात भरलेली बत्ती (गॉजची पट्टी) एक ते तीन आठवडे. तिचं टोक बाहेर आलं तर ओढू नका, आत कोंबूही नका. दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. पडदा नवा बसवला असेल तर विमानप्रवास आणि पोहणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. कानात टिकटिक, बुडबुडे, थोडा लालसर स्राव चालतो. ताप, वाढती सूज, पू किंवा गरगरून उलट्या चालत नाहीत.

प्रश्न : मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी ऑपरेशनने बसवलेलं यंत्र) आहे आणि त्याच कानात ठणका लागलाय.

उत्तर : त्याच दिवशी दाखवा. आतल्या कानापर्यंत तार गेलेली असल्याने मेंदूज्वराचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त, म्हणून इथे 'दोन दिवस बघू' नाही. न्यूमोकॉकसची लस पूर्ण झाली आहे का त्याचं कार्ड बरोबर न्या. ऑपरेशन लागलंच तर साधी, मोनोपोलर कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवणारं उपकरण) इम्प्लांटजवळ चालत नाही, हे भूल देणाऱ्यांनाही कळायला हवं.

प्रश्न : कान वाहण्याचा जुना त्रास असलेल्या मुलीचं दोन दिवस डोकं दुखतंय आणि उलट्या होतात. कान मात्र आता वाहायचा थांबलाय. पोटाचं असेल का?

उत्तर : पत्र छापायच्या आधीच तुम्हाला कळवलं आहे, इतरांसाठी इथे देतो. जुना वाहता कान एकाएकी थांबून डोकेदुखी आणि उलट्या सुरू होणं म्हणजे पू आतल्या बाजूला वळला असं समजून चालायचं : मेंदूच्या आवरणाबाहेर, मेंदूत किंवा मोठ्या शिरेत. मेंदूतलं गळू बहुधा कानाच्या वर किंवा मागे-खाली, लहान मेंदूत, होतं. दुसऱ्या प्रकारात चालताना झोक जातो. थेट अशा रुग्णालयात न्या जिथे स्कॅन, मेंदूचे शल्यविशारद आणि कानाचे डॉक्टर एका छताखाली आहेत. रक्ताचा नमुना घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, स्कॅनची वाट पाहत नाहीत. आधी मेंदूचा दाब उतरवतात, कान त्याच वेळी किंवा मूल स्थिरावल्यावर. जाताना कानाचे जुने सगळे कागद घ्या. आधी ऑपरेशन झालेलं असेल तर त्याची सविस्तर नोंद लागते : भिंत ठेवली की काढली, कुठलं हाड काढलं, नस उघडी सापडली होती का, कुठला जोड बसवला. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर 'कानाचं ऑपरेशन' एवढंच लिहिलेलं असतं आणि रात्री दोन वाजता पुन्हा कान उघडणाऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही.